मागच्या चाकाकडे कोण बघतं

आमचे घरमालक नवीन माणूस भेटला की आधी त्याच्यात काय बदललेलं आहे ते बघत. बिबवेवाडीतली त्यांच्या वरच्या मजल्यावरची जागा बघायला मी गेलो, तेव्हा त्यांनी नाव, गाव, नोकरी यांतलं काहीच विचारलं नाही. माझ्या चष्म्याकडे बघून ते म्हणाले, "डावी काडी मूळची नाही."

खरोखरच नव्हती. मूळची मोडल्यावर चष्मेवाल्याने दुसऱ्याच कुठल्या तरी चष्म्याची काडी बसवून दिली होती, आणि ते माझ्या आईच्याही लक्षात आलं नव्हतं.

"चालेल," मालक म्हणाले. चष्मा चालेल की भाडेकरू, हे मला सामान आणून टाकेपर्यंत कळलं नाही.

ते वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेली चिंच, खालून पोखरलेलं किलोचं वजन, आतून ठोकून चेपवलेलं दुधाचं माप, हे शोधण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर ती नजर वाया जाऊ नये म्हणून ते ती जगावर वापरत. लग्नात अक्षता टाकताना शेजारच्याच्या कानात म्हणत, "नवरदेवाचे केस मूळचे नाहीत." त्यांची कुजबुज सरकारी होती; ती शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची. मिसळ खायला बसले की पहिला घास घेऊन म्हणत, "रस्सा मूळचा होता. नंतर वाढवला." हॉटेलवाला त्यांना बिल पाठमोरा उभा राहून देई.

या सगळ्या भेसळीच्या जगात मूळची अशी एकच वस्तू त्यांना मान्य होती, ती म्हणजे त्यांची गाडी. साठच्या दशकातली, फिकट हिरवी, गोलसर पाठीची. कंपनीचं नाव मी सांगत नाही, कारण ते उच्चारण्याआधी मालक क्षणभर थांबत आणि ते थांबणं मला लिहिता येणार नाही. गाडीचा प्रत्येक भाग मूळचा होता. एक मूळचा खडखडाटही होता, तो त्यांनी दुरुस्त करू दिला नव्हता.

शहरातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांचं एक मंडळ होतं. दर हिवाळ्यात ही मंडळी एका मैदानावर गाड्या ओळीने उभ्या करत आणि एरवी घरच्या गच्चीवरही घालायचं धाडस झालं नसतं अशा हॅट घालून गाड्यांशेजारी उभी राहत. मग परीक्षक येत. त्या परीक्षेत गाडी चालते किती, थांबते कशी, याला गुण नसत. गुण मूळपणाला. हा नियम मंडळाला मालकांनीच करून दिला होता, आणि दुसऱ्या गटाचे परीक्षक म्हणून बरीच वर्षं त्यांनी तो राबवलाही होता. एका डॉक्टरांची गाडी त्यांनी हॉर्नच्या रबरावरून बाद केली. एका बिल्डरच्या गाडीत, डॅशबोर्डच्या आतल्या अंगाला, सरळ खाचेच्या स्क्रूऐवजी फुलीच्या खाचेचा स्क्रू निघाला. मालक टॉर्च तोंडात धरून आत शिरले होते. बाहेर येऊन त्यांनी फक्त दोन बोटांची फुली करून दाखवली. बिल्डर रडला म्हणतात. पुण्यात बिल्डरमुळे रडलेले पुष्कळ भेटतात. स्वतः रडलेला मी तेवढा एकच ऐकला.

मालकांच्या मूळपणावर एकच व्यक्ती बोलू शकत असे, त्यांची पत्नी. काकू. त्या नागपूरच्या. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून शेवटी मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या होत्या. बोलणं एरवी अगदी पुस्तकी. पण राग आला की नागपूर बाहेर यायचं.

"यांचं बघा," त्या मला चहा देताना एकदा म्हणाल्या, "दोन्ही गुडघे बदलले. दात बदलले. डोळ्यांतली भिंगं बदलली. मागच्या वर्षी हृदयात स्प्रिंग बसवली. आणि गाडीचा बल्ब बदलायचा म्हटला तर सहा महिने मुंबईच्या जुन्या बाजारात शोधत फिरतात."

"माझी कुठे स्पर्धा आहे?" मालक वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"असती तर बाद झाला असता."

मालकांनी पान उलटलं.

दर रविवारी सकाळी दोघं गाडीतून बाहेर पडत. लग्न झाल्यापासूनचा हा नेम. कुठे जायचं ते काकू ठरवत, कसं जायचं ते गाडी. काकू डावीकडच्या सीटवर बसत, पर्स मांडीवर, आणि मालक गाडी सुरू करण्याआधी फडक्याने त्यांच्या बाजूची काच पुसत. स्वतःच्या बाजूची ते कधी पुसत नसत. एवढी एक गोष्ट सोडली तर नवराबायकोत प्रेम असल्याचा दुसरा कसलाही पुरावा त्या घरात मला सापडला नाही.

तो नेम दिवेघाटात मोडला. सासवडहून परत येताना, उतारावर, गाडीचे ब्रेक लागेनासे झाले. या गाडीला चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. पातेल्यासारखा लोखंडी ड्रम चाकाबरोबर फिरतो, आणि ब्रेक दाबला की आतून लायनर त्याला घासतात. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबत आलं की पातेलं तापतं, उष्णता आतच कोंडते, आणि मग पाय कितीही दाबा, लायनर नुसते घासतात, पकडत नाहीत. मालकांनी शेवटी रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगात गाडी घातली. गाडीला ओरखडासुद्धा आला नाही, हे ते पुढे आवर्जून सांगत. काकूंना काय झालं ते सांगत नसत.

काकूंना काही झालं नव्हतं. त्या खाली उतरल्या, साडीवरची धूळ झटकली, पर्स खांद्याला अडकवली आणि मागून आलेल्या सीताफळांच्या टेम्पोला हात केला. मालक गाडी ढिगातून काढून घरी आले, तेव्हा काकू टेम्पोवाल्याने दिलेली सीताफळं टोपलीत लावत होत्या.

"या ब्रेकवर मी परत बसणार नाही," त्या म्हणाल्या.

मालकांनी नवे लायनर बसवले. अर्थात त्याच कंपनीचे, त्याच काळातले, कुठल्याशा गोदामात पडून राहिलेले.

"हे बदललेले ब्रेक नाहीत," काकू म्हणाल्या. "हे तेच ब्रेक आहेत, आंघोळ घातलेले. माझ्या शाळेतल्या मुलींच्या स्कूटरलासुद्धा डिस्क असते. उघडी चकती, दोन्हीकडून चिमटा, वारा लागतो, गार राहते. सातवीचं विज्ञान आहे हो."

"मूळचे—"

"मग मूळच्या गाडीत मूळचे तुम्ही एकटे बसा."

पुढच्या रविवारी मालक माझ्या दारात उभे. "आपण मोकळे आहात का?"

मी खराडीला एका कंपनीत काम करत होतो, आणि रविवारी झोपणं हे माझं एकमेव काम होतं. तसं मी सांगितलंही.

"डावीकडे वजन लागतं," ते म्हणाले. "नाहीतर गाडी उजवीकडे ओढते."

अशा रीतीने मी काही रविवार त्या घरात वजन म्हणून काढले. मालक माझ्या बाजूची काच पुसत नसत. गाडी चालवताना ते माझ्याशी बोलत असं म्हणता येणार नाही. ते डाव्या सीटशी बोलत. "काच वर घ्या, गार लागेल," असं एकदा म्हणाले, तेव्हा बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं. एकदा सिग्नलला थांबल्यावर त्यांनी समोर बघत विचारलं, "मुलीचा फोन आला होता का?"

"कोणाच्या?" मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वजन बोलल्याचं निरीक्षकाला जितकं आश्चर्य वाटेल तितकंच त्यांना वाटलं. दोन दिवसांनी ते मला म्हणाले, "एका गॅरेजमध्ये जायचं आहे. बाहेर बोलू नका."

कोंढव्याकडच्या रस्त्यावर ते गॅरेज होतं. गॅरेज म्हटलेलं गॅरेजवाल्याला आवडत नसे. बाहेर 'स्टुडिओ' लिहिलं होतं. आत एसी केबिन, भिंतीवर गॅरेजवाल्याचाच हाताची घडी घातलेला मोठा फोटो, आणि त्या फोटोखाली तोच काळा टी-शर्ट घालून तशीच घडी घालून बसलेला तो. जुन्या गाड्या नव्या करण्याचे व्हिडिओ तो टाकायचा. मालकांच्या दृष्टीने हे चिंच चिकटवणाऱ्याकडेच तराजू दुरुस्तीला नेण्यासारखं होतं.

"डिस्क बसवायच्या आहेत," मालक म्हणाले. मूळव्याधीच्या डॉक्टरांकडे माणूस बोलतो त्या आवाजात.

"परफेक्ट. फ्रंटला ना?"

"मागे."

"आणि फ्रंट?"

"पुढचं आहे तसं."

गॅरेजवाल्याने घडी सोडली. "काका, ओन्ली रिअर? त्यात सेन्स नाहीये. ब्रेक मारला की गाडीचं सगळं वजन पुढे येतं, मागची बाजू हलकी होते. तिथेच तुम्ही स्ट्राँग ब्रेक लावला तर मागची चाकं आधी जाम होणार आणि शेपूट फिरणार. आधी फ्रंट करतात. अख्खं जग फ्रंट करतं."

"पुढचं चाक वळतं," मालक म्हणाले. "वळलं की आतलं दिसतं."

"कोणाला?"

"बघणाऱ्याला."

मला तेव्हा उलगडलं. त्या गाडीचं मागचं चाक अर्धं पत्र्याखाली झाकलेलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यावर चकचकीत झाकण. आत ड्रम आहे की डिस्क, हे जमिनीवर आडवं पडल्याशिवाय कळणार नव्हतं. काकू बसल्या पाहिजेत आणि परीक्षकाला कळता कामा नये, या दोन अटींत बसणारी गाडीत एकच जागा होती, ती म्हणजे मागचा ॲक्सल. वजन कुठून कुठे सरकतं हे जन्मभर पकडणाऱ्या माणसाला गॅरेजवाल्याचं म्हणणं कळलं नव्हतं, असं मी समजत नाही. त्यांनी ते ऐकलं आणि बाजूला ठेवलं.

"ओके. तुमची गाडी," गॅरेजवाला म्हणाला. "व्हिडिओ काढू?"

"नाही."

"चेहरा ब्लर करतो."

"माझा?"

"गाडीचा."

मालकांनी दोन्हीला नकार दिला.

काम चाललं तेवढे दिवस ते रोज जाऊन बसत. ड्रम निघाले, ड्रममागची पत्र्याची ताटली निघाली. ॲक्सलच्या दोन्ही टोकांना जाड पोलादी ब्रॅकेट बसले, त्यांवर एका नव्या गाडीचे चिमटे, म्हणजे कॅलिपर. हँडब्रेकची तार नव्याने जोडली. चकत्या चढल्या. त्या इतक्या चकचकीत होत्या की मालकांनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. नको असलेली सून घरात आली की सासरे ज्या बाजूला बघतात, त्या बाजूला ते बघत होते.

घरी येऊन ते काकूंना म्हणाले, "ब्रेक बदलले. डिस्क."

"चारही?"

"काम पूर्ण झालं आहे."

हे अस्सल सरकारी उत्तर होतं. खरं, आणि प्रश्नाला कुठेही न लागणारं. काकूंनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. पण नेम मोडणं त्यांनाही जड जात असावं. रविवारी त्या कडक इस्त्रीची साडी नेसून खाली आल्या. मालकांनी डावीकडची काच पुसली. मला मागे बसवण्यात आलं. काकू म्हणाल्या, "यांनी इतके दिवस माझी जागा सांभाळली, यांनाही येऊ द्या."

मार्केट यार्डाच्या बाहेर सकाळी जो रस्ता असतो तो डांबराचा नसतो, कोबीच्या पानांचा असतो. कोथिंबिरीच्या काड्या, सडके टोमॅटो, वर पाणी. समोर एक टेम्पो अचानक मागे यायला लागला. मालकांनी ब्रेक दाबला.

गॅरेजवाल्याने सांगितलं होतं तसंच झालं. मागची चाकं जाम झाली आणि गाडीचं शेपूट अगदी संथपणे, मोठ्या घरच्या बाईने वळून बघावं तसं, उजवीकडून फिरत पुढे आलं. खिडकीतून आधी टेम्पो गेला, मग भिंत, मग एक गाय. गाडी थांबली तेव्हा आम्ही आलो त्या दिशेला तोंड करून उभे होतो. कोणाला लागलं नाही.

पाठीवर पोतं घेतलेला एक हमाल थांबून म्हणाला, "आजोबा, असा यू टर्न आमच्या ड्रायवरलाबी जमत न्हाय!"

मालक स्टिअरिंग धरून समोर बघत होते. काकूंनी पर्स सरळ केली.

"घराकडे तोंड झालंच आहे," त्या म्हणाल्या. "चला परत."

घरी त्या खुर्चीत बसल्या. मालक उभे राहिले. त्यांना कोणी उभं केलं नव्हतं, तरी उभे राहिले.

"मागेच बसवले ना फक्त?"

"हो."

"पुढचे काहून नाही?"

नागपूर आलं होतं. मी जिन्याकडे सरकलो, काकू म्हणाल्या, "थांबा हो, तुम्हीही गाडीत होता."

"पुढचे दिसतात," मालक म्हणाले.

"म्हणजे परीक्षकाला दिसतात."

"हो."

"मी बसावं म्हणून ब्रेक बदलले, की बदलले ते कळू नये म्हणून मागे बसवले?"

मालकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "दोन्ही."

"दोन्ही नाही होत. आत्ता बघितलं ना, दोन्ही करायला गेलं की काय होतं ते?"

"प्रदर्शन झालं की पुढचेही करतो."

"आणि पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनाला काढून ठेवाल."

मालक खरोखर तेच योजत होते हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. काकूंना बघायचीही गरज पडली नाही.

"तर मग ती गाडी दाखवायची आहे," त्या उठताना म्हणाल्या. "बसायची नाही. तसं सांगायचं होतं."

प्रदर्शनाला आम्ही दोघंच गेलो. वजन म्हणून मी. ते इतकी हळू चालवत होते की कात्रजकडून आलेला एक सायकलवाला आम्हाला शेजारी येऊन, "बंद पडली का काका?" असं विचारून पुढे गेला. मैदानावर नेहमीच्या हॅट होत्या. मालकांच्या गटाचे परीक्षक नवे होते, मुंबईहून बोलावलेले. पांढरी पँट, गळ्यात रेशमी रुमाल, हातात काठी. चालायला ती लागत नव्हती. गाड्यांकडे दाखवायला लागत होती. त्यांनी मालकांच्या गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या चाकाच्या झाकणावर काठीने टक् केलं आणि म्हणाले, "वा. असा मूळपणा आता बघायला मिळत नाही."

पहिला क्रमांक. मालकांचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या झाल्या. मी त्यांच्याकडे बघितलं, तर माणसाचा चेहरा काळवंडलेला.

पुढचं जे झालं त्याला मंडळातले काही लोक अजून सचोटी म्हणतात. मी शेजारी होतो, मला तसं वाटलं नाही. सचोटी मी पाहिलेली आहे, ती एवढी तावातावाने येत नाही. ते व्यासपीठावर गेले, कप घेतला नाही, आणि परीक्षकांना म्हणाले, "आपण मागची चाकं पाहिलीत?"

"पाहिली की. अप्रतिम."

"वाकून पाहिलीत?"

"अहो, तुमची गाडी वाकून काय बघायची? तुमच्या शब्दाला वजन आहे."

"ते वजन कोणी तपासलं?" मालक ओरडले. "चला खाली. वाका."

परीक्षकांनी आपल्या पांढऱ्या पँटकडे बघितलं. मालकांनी खिशातला रुमाल काढून मागच्या चाकाशी जमिनीवर अंथरला. दोनशे हॅट भोवती जमल्या. परीक्षक वाकले, मालकांनी टॉर्च धरली.

"हे... हे तर डिस्क ब्रेक आहेत."

"आहेत."

"कोणी बसवले?"

"मी."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"मी सांगायचं असेल तर परीक्षक कशाला ठेवला आहे?"

गाडी त्यांनीच केलेल्या नियमाने बाद झाली. कप दुसऱ्या क्रमांकाला गेला. तो स्क्रूवाला बिल्डर होता. त्याने मालकांना नमस्कार केला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पुन्हा पाणी होतं.

मालक परतीच्या वाटेवर घराकडे वळले नाहीत. 'स्टुडिओ'समोर गाडी उभी करून, रविवारची सुट्टी आहे हे गॅरेजवाला सांगत असताना, म्हणाले, "पुढचे."

"फ्रंट डिस्क? दोन्ही?"

"मास्टर सिलिंडरही बघा. पुढे जास्त दाब, मागे कमी. जे लागेल ते. अख्खं जग करतं तसं."

गॅरेजवाल्याने जरा चाचरत विचारलं, "आता व्हिडिओ?"

"काढा."

"चेहरा?"

"दिसू दे."

घरी काकू शेंगा सोलत होत्या. मालक त्यांच्यासमोर बसले. "बाद झालो."

"कोणी पकडलं?"

"मीच."

"मग बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाला जमलं नसतं." आणि त्यांनी थोड्या शेंगा त्यांच्यापुढे सरकवल्या.

गाडी तयार झाल्यावर त्यांना पहिल्या रविवारी सिंहगड रस्त्याला जायचं होतं. काकूंनी मार्केट यार्डाकडून घ्यायला लावली. कोबीची पानं होती तिथेच होती. "इथे," काकू म्हणाल्या. "दाबा." मालकांनी मागे बघितलं, कोणी नाही असं पाहिलं, दाबला. गाडी जिथे होती तिथे, नाकासमोर, थांबली. काकूंनी आणखी एकदा करून घेतलं, मुलीने पाढा एकदा बरोबर म्हटला की शिक्षिका दुसऱ्यांदा म्हणायला लावते तसं. गाडी पुन्हा सरळ थांबली.

मालक कौतुकाची वाट बघत होते. मागच्या सीटवरून मला त्यांची मान दिसत होती, तीही वाट बघत होती.

"ब्रेक चांगले लागतात," काकू म्हणाल्या. "फार चांगले लागतात. मी पुढे आपटले. आता पट्टे बसवून घ्या."

त्या काळात गाड्यांना पट्टे नसत. मूळच्या त्या गाडीत त्यासाठी एक भोकसुद्धा नव्हतं. ते पाडावं लागणार होतं. मालकांनी इंजिन चालू ठेवलं, स्टिअरिंगवर बोटं वाजवली. मागे टेम्पोवाले हॉर्न वाजवायला लागले.

"कुठल्या रंगाचे?" त्यांनी विचारलं.